कांड्यांच्या खोक्यातली रेवीदेवी

आमची खोली घुबडांनी घेतली, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा हसतो. मी हसत नाही हे दिसलं की त्याला वाटतं, बाईचा विनोद फसला. विनोद वगैरे काही नाही. सुरतेत बमरोलीच्या बाजूला एक लूमचं खातं होतं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. खाली माग, वरच्या मजल्यावर माग, आणि त्यावर गच्चीत पत्र्याची एक खोली. ती खोली आम्हाला मिळाली होती. पुढे ती एका घुबडाला आणि त्याच्या पिलांना देण्यात आली. देणारा माणूस पूर्ण शुद्धीत होता, त्याच्या घरचे लोक शिकलेसवरलेले होते, आणि सगळं नारळ फोडून, रीतसर झालं.

प्लेगच्या साली सगळं सुरत जीव मुठीत धरून पळालं, तसे आम्हीही पळालो. तोवर आम्ही एका खोलीत दोन संसार मांडून राहत होतो, मधे जुन्या साडीचा पडदा. मिळेल त्या गाडीने शिरपूरकडच्या आमच्या गावी पोचलो. मुलगी बरोबर होती, पाच वर्षांची. हळूहळू भीती ओसरली, पण कारागीर काही परतेनात. माग बंद पडून होते. तेव्हा खात्याच्या शेठने निरोप धाडला, आता जो येईल त्याला गच्चीवरची खोली. स्वतंत्र खोली, नळ, लाइट, सगळं. एरवी हाच शेठ कारागिराला पाणी प्यायलासुद्धा मागाजवळून हलू द्यायचा नाही. नवरा दुसऱ्याच दिवशी निघायला तयार झाला. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "पोरले आते नका लई जावा. रोगराई शे. शाया उघडतीन तव्हय लई जा."

शाळा उघडतील तेव्हा, म्हणजे जूनमध्ये. मला ते पटलं. आधी खोली झाडूनपुसून मांडून घेऊ, शाळेची सोय बघू आणि मे महिन्यात पोरीला आणू, असं ठरवून मी तिला जावेच्या कडेवर दिलं. ती रडली नाही. गोठ्यात नुकतंच झालेलं वासरू होतं, तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

खोली बघून मला नाचावंसं वाटलं होतं. पडदा नाही, पलीकडे कोणाचा दीर खोकत नाही, अंघोळीला मोरीची वाट बघायला नको. मराठी शाळा चालत जाण्याजोगी होती. मी तिथे जाऊन शिपायाला विचारूनसुद्धा आले. तो तंबाखू मळत म्हणाला, "जूनमध्ये या, बाई, आत्तापासून काय?" पण मला कुठला धीर! तिची झोपायची जागा, दप्तर अडकवायचा खिळा, सगळं मी ठरवून टाकलं होतं. दिवसभर मी साड्यांना टिकल्या चिकटवत बसायचे, त्या काळी आमच्याकडच्या बहुतेक बाया तेच करायच्या, आणि मनात एकच घोळत राहायचं, पोर आली की इथे बसेल, तिथे लिहील.

खोलीला एकच खोड होती. गल्लीकडच्या भिंतीला वर, पत्र्याखाली, मोठं भगदाड होतं आणि त्यातून कबुतरं आत यायची. मी कटकट केली तेव्हा नवऱ्याने खात्यातून कांड्यांचं एक लाकडी खोकं आणलं. आडव्या धाग्याचं सूत ज्यांच्यावर गुंडाळतात त्या कांड्या ठेवायचं खोकं, चांगलं ऐसपैस. ते त्याने भगदाडात ठोकून बसवलं. पण बसवलं कसं, तर तळ आत आणि तोंड बाहेर. मी म्हटलं, उलटं बसवलंत. तो म्हणाला, आतून भिंतीसारखं सपाट दिसतं ते बघ ना. आमच्या घरात सामान ठेवायला एक फळी धड नव्हती, आणि याने आख्खं खोकं गल्लीकडे तोंड करून कबुतरांच्या स्वाधीन केलं. मी बोलायची ते बोलले, पण खोकं तसंच राहिलं.

कबुतरं मात्र आली नाहीत. थंडी सरता सरता एका संध्याकाळी त्या भिंतीतून कोणीतरी फुसफुसलं. मला वाटलं साप. मी हातातला कलथा घेऊन फळीवर ठोकला, तर आणखी जोरात फुसफुसलं, आणि एकाऐवजी तीन-चार ठिकाणांहून. खोक्याच्या तळाच्या फळीतली एक गाठ निसटून तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं. नवरा खाटेवर चढला, भोकाला डोळा लावला आणि तसाच खाली उतरला.

"घुबड शे वं हाई," तो म्हणाला. "पिलं बी शेतस. आते काय करानं?"

आमच्याकडे घुबड म्हणजे काय, हे सांगायला नको. दुपारी कोणी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलं, तर त्यालाही आम्ही घुबडच म्हणतो. घरावर बसलं तर घर बसतं असं समजतात, आणि इथे तर ते घरात बाळंत झालं होतं. बरं, हाकलायचं म्हटलं तर त्यालाही हात बांधलेले. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं, पाण्याच्या काठी उगाळत बसतं, आणि जसा दगड झिजतो तसा मारणारा झिजत जातो, हे आम्ही दोघांनीही लहानपणापासून ऐकलेलं. आणखी एक म्हणजे घुबडाच्या कानावर कोणाचं नाव पडू द्यायचं नाही. ते ऐकलेलं नाव घोकतं, आणि ज्याचं नाव तो माणूस खंगतो. नवराबायकोचा प्रश्नच नव्हता, आम्ही एकमेकांची नावं तशीही घेत नव्हतो. पण मुलीचं नाव त्या खोलीत दिवसातून दहा वेळा निघायचं. त्या संध्याकाळपासून ते बंद झालं. "तिला फ्रॉक शिवू", "ती आली की", असं आम्ही बोलायला लागलो. नवरा एकदा चुकून नाव बोलून गेला तेव्हा मी त्याच्यावर अशी ओरडले की खालून मागावरचा माणूस काय झालं म्हणून बघायला आला.

"राहू द्या," मी म्हटलं. "पिलं उडी जातीन, मंग खोकं आपलंच शे." मे महिन्यापर्यंत ती उडतील असा माझा हिशेब होता. मुलगी यायच्या आत जागा मोकळी झाली म्हणजे झालं.

मग मी रोज बघायला लागले. सुरुवातीला नुसतं धास्तीने, अजून आहेत का गेली हे पाहायला. चार पिलं होती, एकाहून एक लहान, उतरंड मांडावी तशी. आमच्याकडे भावंडं असतात तशीच, वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने झाल्यासारखी. अंगावर कळकट पांढरी लव, आणि तोंड इतकं म्हाताऱ्यासारखं की लहान म्हणायला जीभ धजू नये. वास तर विचारू नका. उंदराची कातडी, हाडं, विष्ठा, सगळं त्याच खोक्यात. मी भोकात कापडाचा बोळा कोंबायचे आणि पाचव्या मिनिटाला तोच काढून परत डोळा लावायचे.

दिवेलागणीला बाप यायचा. पांढरा, मोठा, पंखांचा एवढासा आवाज नाही. पायात उंदीर. खाली मागांचा खडखडाट एवढा की बोललेलं ऐकू येऊ नये, पण तो येण्याच्या जरा आधी पिलांना कसं कळायचं कोण जाणे, फुसफुस सुरू व्हायची. थोरलं उंदीर आख्खा गिळायचं आणि मग कितीतरी वेळ शेपूट तोंडातून लोंबत ठेवून बसायचं, आमच्याकडे पाहुणे पान खाऊन बसतात तसं निवांत. धाकट्याच्या वाट्याला उरलंसुरलं. धाकटं एकदा दिसेनासंच झालं. कोणी गिळलं ते मी पाहिलं नाही, पण थोरल्याचं पोट फुगलेलं होतं आणि आई तिथेच शेजारी डोळे मिटून बसली होती. मी त्या आईला भोकातून शिव्या घातल्या. तुझ्या डोळ्यांदेखत झालं आणि तू बसून राहिलीस! दोन दिवस मी भोकाजवळ फिरकले नाही.

पण लळा लागलाच होता, खोटं कशाला बोलू? लव जाऊन पिसं आली, तोंडं विड्याच्या पानासारखी दिसायला लागली, भोकाकडे बघताना मान डावी-उजवीकडे झुलवायला लागली. एक जरा भित्रं होतं, ते कोपऱ्यात तोंड घालून बसायचं. ते मला विशेष आवडायचं. माझी मुलगी तशीच, अनोळखी माणूस दिसला की तोंड फिरवणारी. गावाहून आलेला एकजण म्हणाला, पोरीचे पुढचे दोन दात पडले. मी त्याला खोदून खोदून विचारलं, वरचे की खालचे? त्याला आठवेना. घुबडाच्या पिलाच्या कुठल्या पंखाला आधी पिसं फुटली हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या पोरीचे दात कुठले पडले हे सांगणारा कोणी नव्हता. त्या दिवशी माझ्या टिकल्या सगळ्या वाकड्या लागल्या.

चैत्राच्या सुमाराला शेठ पाण्याची टाकी बघायला गच्चीवर आला. बाहेरून त्याला खोकं दिसलं, भिंतीवरचे पांढरे ओघळ दिसले. "आ शुं छे?" त्याने विचारलं. नवरा घाबरला. विचारल्याशिवाय भिंतीत खोकं ठोकलं, वर ही घाण. खोली जाते की काय, अशी त्याला भीती. आणि नेमकं तेव्हाच त्याला शहाणपण सुचलं. हात जोडून, आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत तो म्हणाला, "शेठ, लक्ष्मीनुं वाहन छे."

आम्ही त्याला कधी लक्ष्मीचं वाहन म्हटलं नव्हतं. आमच्या घरात ते घुबड होतं आणि घुबडच राहणार होतं. हे त्याने आपलं दिवाळीच्या कुठल्याशा फोटोत पाहिलेलं ठेवून दिलं. पण शेठचा चेहरा एकदम पालटला. त्याने तिथल्या तिथे चपला काढल्या. आमच्या उंबऱ्यापाशी त्या घरातल्या कोणी चपला काढल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, जिंकलो. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवई उडवली.

दुसऱ्या दिवशी शेठ आपल्या आईला घेऊन आला. सगळे तिला बा म्हणत. एवढे जिने चढून ती धापा टाकत आली, माझ्या खाटेवर उभी राहिली, मी तिचा हात धरला होता. भोकातून बघून ती म्हणाली, "आ तो रेवीदेवी छे! सामे चालीने आवी छे." गुजरातीत त्या जातीच्या घुबडाचं नावच तसं आहे, हे मला तेव्हा कळलं. बोलवायला न जाता देवी आपल्या पायांनी आली, असं बाचं म्हणणं. तिने फळीला कुंकू लावलं. अगरबत्ती लावली. आतून तिन्ही पिलं जीव तोडून फुसफुसत होती, आणि बा डोळे मिटून म्हणत होती, बघा, आशीर्वाद देताहेत.

नवरा महिनाभर पाळीवरच्या सगळ्या कारागिरांना ही गोष्ट सांगत फिरला. मी त्याला "पुजारीबुवा, चहा घ्या" म्हणायचे. तेव्हा चेष्टा सुचत होती.

मग एकेक सुरू झालं. खात्यात तेव्हा काम वाढलं होतं, गावाला गेलेले कारागीर परत आले होते, माग भरून चालत होते. शेठच्या मते हे सगळं रेवीदेवीने केलं. तो रोज पेढे आणून भोकाशी चिकटवायचा. पेढ्यांना मुंग्या लागल्या, मुंग्या भोकातून आत पिलांकडे जायला लागल्या, आणि रॉकेलच्या फडक्याने त्या पुसत मी बसायचे. मग एक दिवस बाने आमच्या स्टोव्हवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. सुके बोंबील होते. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली आणि शेठने येऊन सांगितलं की देवीच्या जागेत हे शिजवायचं नाही. मी खाटेवर चढून भोकातून पाहिलं आणि बोट दाखवलं. त्याच क्षणी देवीचं थोरलं लेकरू उंदराची शेपटी गिळत होतं. मी म्हटलं, "शेठ, ते काय खातंय बघा की." त्याला मराठी समजत नाही असं त्याने दाखवलं. बाकी सगळं त्याला मराठीत समजायचं.

बोंबील बंद केले. मग स्टोव्ह गच्चीवर नेला, धुराने देवीला त्रास होतो म्हणून. मग मी चार दिवस बाजूला असताना खोलीत असायचं नाही असं ठरलं, ते दिवस मी टाकीच्या सावलीला काढले. पत्रा तापलेला, वर ऊन. आणि मेच्या तोंडावर शेठ मऊ आवाजात म्हणाला, "तमे लोको थोडा दिवस नीचे रही जाओ ने." माणसांच्या वावराने देवीची पिलं बुजतात, थोडे दिवस खाली राहा. खाली म्हणजे मागांच्या मधे, जिथे एकटे कारागीर पथारी टाकतात. तिथे बाईमाणूस राहू शकत नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. त्याने नारळ फोडला, आम्हालाही खोबऱ्याचा तुकडा दिला. मी तो घेतला नाही. नवऱ्याने दोन्ही घेतले.

त्या दिवशी मी नवऱ्याशी भांडले तशी जन्मात भांडले नाही. "देवी कोनी करी तिले? तुम्हीच ना! घुबड शे म्हनतात ते काय व्हतं?" खरंच काय झालं असतं? शेठने बांबू घालून खोकं पाडलं असतं, पिलं मेली असती, आम्हाला चार शब्द ऐकवले असते आणि खोली राहिली असती. हे मी तेव्हा तोंडाने बोलले. माझ्या हाताने ज्यांच्या मुंग्या पुसल्या त्या पिलांचं मरण मी बोलून दाखवलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. नवरा खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, थोडे दिवस तर आहेत. मे महिना संपायचा आहे अजून.

मी सुरतेतच पांडेसऱ्याला गावाकडच्या एका बाईकडे राहायला गेले, परत पडद्याच्या एका बाजूला. पिलं मे संपायच्या आतच उडाली, माझा हिशेब चुकला नव्हता. मला ते बघायला मिळालं नाही. नवऱ्याने गल्लीतून बघितलं, भित्रं पिलू सगळ्यात शेवटी गेलं म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी खराटा आणि बादली घेऊन खात्यावर गेले. खोकं धुऊन काढायचं, खोली सारवल्यासारखी स्वच्छ करायची आणि रात्रीच्या गाडीने पोरीला आणायला निघायचं.

खोलीला कुलूप होतं. दाराला झेंडूचं तोरण. खिडकीतून बघितलं तर आमची खाट काढून तिथे पाट मांडलेला, भिंतीला गुलाबी रंग, खोक्यावर लाल कापड आणि बरोबर त्याच्या डोक्यावर ट्यूबलाइट. एक घंटासुद्धा टांगली होती. शेठ म्हणाला, "ए तो हवे देवीनी जग्या छे." ती जागा आता देवीची, आणि देवी दिवाळीला परत येणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, शेठ, माझी मुलगी यायची आहे, शाळा आहे तिची, तुम्हाला सांगितलं होतं. तो म्हणाला, देवीची कृपा असेल तर तुमचंही होईल. आणि कारागीर तर आता दारात रांग लावून उभे होते, खोलीची लालूच कोणाला दाखवायची त्याला गरज नव्हती. नवरा माझ्या मागे उभा होता.

घुबडं परत आली नाहीत. ट्यूबलाइटखाली आणि घंटेशेजारी कुठलं घुबड येणार? एवढं त्या घरातल्या कोणाला सुचलं नाही आणि मी सांगितलं नाही. नवरा तिथे काम करत होता तोवर ती खोली रिकामी होती, आरती चालू होती.

जूनमध्ये जाऊबाईंचा निरोप आला, "नका घाबरू, आम्ही अठेच शायमा टाकी देसूत." गावच्याच शाळेत त्यांनी टाकलंही. त्यांनी तिचं सगळं मनापासून केलं, त्यांना नावं ठेवायला मला जागा नाही, आणि तेच मला फार जड जातं. आम्ही वर्षातून एकदा जायचो, आठ दिवस राहायचो, खाऊ न्यायचो. ती खाऊ घ्यायची आणि जावेच्या मागे जाऊन उभी राहायची.

सुरतेतच पर्वत पाटियाच्या बाजूला आम्हाला भाड्याची खोली मिळाली तोवर ती तिसरी पास झाली होती. तिला आणायला मी स्वतः गेले. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत बसली, शहाण्यासारखी. खोली तिने पाहिली, छान आहे म्हणाली. मी तिच्यासाठी काय काय करायचे ते खायची. पुऱ्या, शेवया, जे मागेल ते, पण ती काही मागायचीच नाही. ताट उचलून स्वतः धुऊन ठेवायची. मी शेजारणीला कौतुकाने सांगत होते, पोरगी किती गुणी आहे बघ.

आठवडा झाला असेल. संध्याकाळी मी भाकरी करत होते. ती जवळ येऊन बसली आणि हळू आवाजात तिने विचारलं, "माले घर कव्हय पोचाडशात?"

मला घरी कधी पोचवाल. मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. "घर" तर होतंच, पण आमच्याकडे आईला कोणी असं "शात" लावून, तुम्ही करून बोलत नाही. आईला तूच म्हणतात, भांडताना, मरताना, कधीही. पोचाडशी म्हणायला हवं होतं. पोचाडशात परक्या घरच्या बाईला म्हणतात.

मी म्हटलं, "दिवाळीनी सुट्टीमा."

तिने मान हलवली. परत विचारलं नाही, रडली नाही. परक्याच्या घरी हट्ट करायचा नाही, हे तिला कोणीतरी चांगलं शिकवलं होतं.